विश्लेषण : चाकांवरचे जुने घर पुन्हा रस्त्यावर येऊ शकते का?

जुनी मोटार दुरुस्त करून मिरवणाऱ्यांची हौस आता नवी राहिलेली नाही. मात्र गेल्या काही वर्षांत या हौसेला एक फाटा फुटला आहे. गाडीच्या मागे जोडून नेण्याचे जुने ट्रेलर, जुन्या मॅटाडोर आणि मिनीबस मिळवायच्या, त्यांत झोपण्याची-स्वयंपाकाची सोय करायची आणि कोकणाच्या किंवा घाटाच्या वाटेला लागायचे. समाजमाध्यमांवरील चित्रफिती पाहून हे काम चार रविवारांचे वाटते. प्रत्यक्षात गंजलेली चॅसिस, कुजलेली जमीन, गॅसची जोडणी आणि आरटीओचे कागद अशा चार दरवाजांतून जावे लागते. त्यातला शेवटचा दरवाजा अनेकांना बंद आढळतो, तोही सगळा खर्च झाल्यावर. जुने फिरते घर दुरुस्त कसे करतात, त्यात धोका कुठे असतो, कायदा काय सांगतो आणि पेणजवळच्या रामवाडीचा या सगळ्याशी काय संबंध, याचा हा आढावा.

ट्रेलर आणि कॅरॅव्हॅन यांत फरक काय?

बोलताना आपण दोन्हींना कॅरॅव्हॅनच म्हणतो. पण दुरुस्ती आणि कायदा या दोन्ही दृष्टींनी फरक मोठा आहे. स्वतःचे इंजिन असलेले फिरते घर म्हणजे मोटार कॅरॅव्हॅन. इंजिन नसलेले, दुसऱ्या वाहनाच्या हुकाला अडकवून ओढून न्यायचे घर म्हणजे ट्रेलर. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. त्यात एका आसाचा कॅरॅव्हॅन, दोन आसांचा कॅरॅव्हॅन, तंबू ट्रेलर, घडी होणारा कॅरॅव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर अशा प्रकारांचा उल्लेख आहे. म्हणजे ओढून नेण्याचे घर ही कल्पना सरकारदरबारी अनोळखी नाही. आपल्याकडे रस्त्यावर दिसतात ते मात्र बहुतेक इंजिनवाले. निवासी ट्रेलर क्वचितच दिसतो. त्यामुळे त्याचे सुटे भाग, जाणकार मेकॅनिक आणि आरटीओतील पूर्वानुभव या तिन्ही गोष्टी कमीच मिळतात.

ही कल्पना आली कुठून?

हौसेसाठी बांधलेल्या फिरत्या घरांत ‘द वाँडरर’ या घोड्यांनी ओढायच्या गाडीचे नाव आधी घेतले जाते. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकाने १८८५ मध्ये ती ब्रिस्टलच्या कारखान्यातून बनवून घेतली. मोटारी आल्यावर घोड्यांची जागा इंजिनाने घेतली. अमेरिकेत वॉली बायम यांनी १९३१ मध्ये एअरस्ट्रीम कंपनी सुरू केली. १९३६ च्या ‘क्लिपर’ या ट्रेलरने विमानासारखे गोलाकार, चकाकते, रिव्हेट ठोकलेले अॅल्युमिनियमचे शरीर लोकप्रिय केले. १९६३-६४ मध्ये अशाच ट्रेलरांचा एक ताफा सिंगापूरहून निघून भारतातून पुढे थेट लिस्बनपर्यंत गेला होता. आज जगभरात ‘व्हिंटेज ट्रेलर’ म्हटले की हीच चंदेरी गाडी डोळ्यांसमोर येते.

महाराष्ट्रात फिरते बिऱ्हाड हौसेपेक्षा पोटासाठी जास्त फिरले. तमाशाच्या फडाचे ट्रक आणि जत्रेजत्रेतून तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीज ही त्याची ठळक उदाहरणे. सिनेमाचा प्रोजेक्टर ट्रकवरच बसवलेला, त्याच ट्रकच्या आडोशाला जेवण आणि झोप. महाराष्ट्रातील या फिरत्या सिनेमावरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. तेव्हा गंजत चाललेली ती यंत्रे आणि त्यांचे ट्रक अनेकांनी पहिल्यांदा नीट पाहिले. आपल्याकडे वारसा म्हणून जपावी अशी जुनी फिरती घरे शोधायची तर ती राजवाड्यांच्या मोटारखान्यांइतकीच जत्रेच्या मैदानांत सापडतील.

रामवाडीचा संदर्भ का?

पेणजवळ रामवाडीत एसटीच्या रायगड विभागाचे कार्यालय आणि कार्यशाळा आहे. बसची मोठी देखभाल अशा विभागीय कार्यशाळांत होते. बस बांधणीचे मोठे काम दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत चालते. जुन्या ट्रेलरशी याचा संबंध कारागिरीचा आहे. लोखंडी सांगाडा, त्यावर ठोकलेला अॅल्युमिनियमचा पत्रा, रिव्हेटच्या रांगा, खिडकीचे रबर बीडिंग, आत प्लायची जमीन अशीच एसटीची जुनी बॉडी बनत असे. परदेशी ट्रेलरची रचनाही मूलतः हीच. म्हणून असा ट्रेलर हाती आला, तर त्यासाठी योग्य माणूस मोटारीच्या चकचकीत शोरूममध्ये मिळणार नाही. ज्याने बसच्या किंवा ट्रकच्या बॉडीवर हात घासला आहे, असा फिटर, वेल्डर आणि पत्रेवाला शोधावा लागतो. पेण-रोह्याकडच्या पट्ट्यात अशी खासगी गॅरेजे महामार्गाच्या कडेने आहेत. रंगकामाचे म्हणाल तर पेण हे गणेशमूर्तींचे गाव. पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केल्याशिवाय रंग बसत नाही, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही.

एसटीचा स्वतःचा इतिहासही उपयोगी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली बस धावली. त्या काळच्या गाड्यांची बॉडी लाकडी होती आणि आसने काथ्याची. पुढे अॅल्युमिनियम आले आणि अलीकडच्या काळात महामंडळाने जुन्या चॅसिसवर माईल्ड स्टीलची बॉडी चढवण्याचे काम हाती घेतले. अपघातात प्रवाशांना अधिक संरक्षण मिळावे, हा त्यामागचा हेतू. म्हणजे जुन्या सांगाड्याला नवे शरीर देणे हे राज्यात नवीन नाही. पण ही ‘पुनर्बांधणी’ झाली, ‘जतन’ नव्हे. दोन्हींतला हा फरक पुढे कायद्यात महत्त्वाचा ठरतो.

विकत घेण्यापूर्वी काय तपासायचे?

पहिली गोष्ट कागद. आरसी बुक आहे का, चॅसिस क्रमांक सांगाड्यावर ठोकलेला आहे का आणि तो कागदाशी जुळतो का, हे पत्र्याच्या अवस्थेआधी पाहायला हवे. क्रमांक गंजाने पुसला गेला असेल किंवा सांगाड्याचा तो तुकडा कुणी कापून बदलला असेल, तर पुढचा सगळा खर्च शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या शोभेच्या वस्तूवर होईल.

दुसरी गोष्ट पाणी. जुन्या ट्रेलरचा सर्वांत मोठा शत्रू छतातून झिरपणारे पाणी असतो. बाहेरून पत्रा धड दिसतो आणि आत लाकडी चौकट भुसा झालेली असते. जाणकार हातात टोच्या घेऊन कोपरे, खिडक्यांच्या खालचा भाग आणि दाराचा उंबरा टोचून पाहतात. टोच्या सहज आत गेला तर लाकूड संपलेले आहे. जमिनीवर पाय दाबत चालावे. जिथे लचकते तिथे प्लाय कुजला आहे. बंद गाडीत शिरल्याबरोबर येणारा कुबट वासही पुष्कळ काही सांगतो. कोकणात वाळवीची तपासणी वेगळी करावी लागते.

तिसरी गोष्ट सांगाडा आणि चाके. गाडीखाली झोपून वेल्डिंगचे जोड, आसाची बैठक आणि कमानपाटे पाहावेत. वरवरचा तांबूस गंज घासून निघतो. पापुद्रे सुटणारा गंज म्हणजे लोखंडाची जाडीच कमी झालेली असते. टायरची नक्षी शाबूत असली तरी भुलू नये. उभ्या गाडीचे टायर न झिजता म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. ती ‘३२१९’ असेल तर टायर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यात बनला आहे. दहा वर्षांपुढचा टायर कितीही चांगला दिसला तरी बदलावाच.

काम कोणत्या क्रमाने करतात?

क्रम चुकला की काम दोनदा करावे लागते. उत्साहात अनेक जण आधी आतली सजावट करतात आणि पहिल्या पावसात ती काढून टाकतात. रूढ क्रम असा : आधी नोंद, मग उकल, मग सांगाडा, मग छत आणि भिंती, नंतर वायरिंग, त्यानंतर जमीन व फर्निचर आणि शेवटी रंग.

नोंद म्हणजे प्रत्येक भागाचे काढण्यापूर्वी छायाचित्र आणि त्यावर क्रमांकाची चिठ्ठी. खिडकीचा आडणा, दाराची कडी, दिव्याची काच असे जुने भाग बाजारात मिळत नाहीत. मोडलेला तुकडासुद्धा नमुना म्हणून ठेवावा लागतो, कारण त्यावरूनच नवा घडवून घेता येतो. जुना रंग घासताना तोंडावर चांगल्या प्रतीचा मास्क हवा, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्यामुळे ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

सांगाडा उघडा झाला की सँडब्लास्टिंग करून गंज काढतात, कमकुवत पट्ट्या बदलतात आणि लगेच प्रायमर मारतात. ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दमट हवेत स्वच्छ केलेले लोखंड रात्रभर उघडे राहिले तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस झाक असते.

पत्र्याच्या कामात रिव्हेटचे दोन प्रकार येतात. पॉप रिव्हेट एका बाजूने, एकट्या माणसाला बसवता येतो. जुन्या ट्रेलरांचे मूळ रिव्हेट मात्र भरीव असतात. बाहेरून एकाने बंदूक चालवायची आणि आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, तेव्हा शेपूट चपटे होऊन पकड घट्ट बसते. दोघांचा ताल जमला नाही तर पत्र्याला खळगा पडतो. पॉप रिव्हेटने काम लवकर होते, पण बाहेरच्या सांध्यांत त्यांच्या मधल्या भोकातून पाणी शिरू शकते; तिथे बंद तोंडाचे रिव्हेट किंवा सीलंट लागते.

जमिनीसाठी साधा प्लाय चालत नाही. आयएस ७१० हे भारतीय मानक असलेला मरीन प्लाय घ्यावा आणि त्याच्या कापलेल्या कडा, स्क्रूची भोके सीलंटने बंद करावीत. प्लाय कुजायला सुरुवात नेहमी कडेपासून होते.

कोकणच्या हवेत वेगळे काय?

रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यात पेणला धरमतर खाडीची आणि मिठागरांची खारी हवा. अशा हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यातील ओलाव्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यांतला एक झिजू लागतो. अॅल्युमिनियमचा पत्रा लोखंडी सांगाड्याला टेकला असेल, तर बहुधा झिजतो तो पत्रा. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागली की हे सुरू झाले असे समजावे. उपाय साधा आहे. दोन धातूंच्या मध्ये रबराची किंवा निओप्रीनची पट्टी द्यायची, रिव्हेट अॅल्युमिनियमचेच वापरायचे आणि जिथे स्टेनलेस स्टीलचा स्क्रू टाळता येत नाही, तिथे तो सीलंटमध्ये बुडवून बसवायचा.

वेळापत्रकही हवामान ठरवते. छत उघडायचे ते ऑक्टोबरनंतर आणि मेअखेरपर्यंत ते बंद झालेच पाहिजे. रंगासाठी कोरडे, कमी दमट दिवस लागतात. पावसाळ्यात ताडपत्री ओढून ठेवली की गाडी सुरक्षित राहते, हा मोठा गैरसमज आहे. घट्ट ताडपत्रीखाली ओल कोंडून राहते आणि बुरशी धरते. वरून छप्पर आणि चारी बाजूंनी वारा अशी शेड हवी. शेड आधी बांधावी आणि ट्रेलर नंतर विकत घ्यावा, हेच शहाणपणाचे.

जीवाला धोका कुठे असतो?

गळके छत मनस्ताप देते, पण जीव जातो तो गॅस, वीज आणि ब्रेकमुळे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. घरात दार-खिडकी उघडून तो निघून जाईल, पण ट्रेलरची जमीन चारी बाजूंनी बंद असते. म्हणून गॅसच्या जागी जमिनीलगत थेट बाहेर उघडणारे, कधीही न बुजवायचे झरोके लागतात आणि सिलिंडरचा कप्पा आतल्या खोलीपासून पूर्ण वेगळा, बाहेरून उघडणारा असावा लागतो. उंदीर-किडे येतात म्हणून झरोक्यावर पट्टी चिकटवणे ही सर्वांत धोकादायक ‘सुधारणा’ आहे. हवे तर बारीक जाळी लावावी. नळीवर मानक चिन्ह आणि वापराची मुदत पाहून घ्यावी.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. बंद जागेत शेगडी, कोळसा किंवा जनरेटर चालवला की हा वास नसलेला वायू तयार होतो. झोपेतल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. थंडी घालवण्यासाठी आत शेगडी पेटवून झोपणे कटाक्षाने टाळावे आणि या वायूची सूचना देणारे यंत्र बसवावे.

विजेचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. बॅटरीवरचे १२ व्होल्टचे दिवे-पंखे आणि बाहेरून जोडणी घेतल्यावर येणारा २३० व्होल्टचा प्रवाह. दोन्हींच्या तारा वेगळ्या नळ्यांतून न्याव्यात. धातूच्या शरीराची गाडी असल्याने एक सोललेली तार संपूर्ण पत्रा जिवंत करू शकते. त्यामुळे अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर या दोन्ही गोष्टी अनिवार्य मानाव्यात. १२ व्होल्टला शॉक बसत नाही म्हणून फ्यूज टाळला जातो. पण बॅटरीतील प्रवाह तार लाल करून आग लावायला पुरेसा असतो.

तिसरे, ओढण्याचे शास्त्र. ट्रेलरचे वजन मागच्या बाजूला जास्त झाले तर वेगात त्याचे शेपूट डोलू लागते आणि ओढणारी गाडीही त्याबरोबर फेकली जाते. म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी, पलंग अशा जड गोष्टी आसाच्या आसपास आणि थोड्या पुढे ठेवतात. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या हुकावर यावा, असा ठोकताळा अमेरिकेत वापरतात. युरोपात तो त्याहून कमी धरतात. नव्या फर्निचरने मूळ वजन वाढते, हे विसरू नये. काम संपल्यावर गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि ते वजन आसाच्या व ओढणाऱ्या वाहनाच्या क्षमतेत बसते का ते पाहावे. हुक सुटलाच तर ट्रेलरचा ब्रेक आपोआप लागेल अशी साखळी किंवा केबल हवी. कामथे किंवा वरंध घाटाच्या उतारावर केवळ पुढच्या गाडीच्या ब्रेकवर भिस्त ठेवता येत नाही. आणि चालत्या ट्रेलरमध्ये माणसे बसवू नयेत, लहान मुले तर नाहीच.

कायदा काय म्हणतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. इंजिन नसले तरी त्याला स्वतंत्र नोंदणी लागते. ‘गाडीला विमा आहे, मागचे तर नुसते ओढतोय’ हा युक्तिवाद टिकत नाही. ट्रेलरचा उल्लेख विम्यात असावा लागतो. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर यांचा समावेश बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत केला आहे. म्हणजे कुटुंबासाठी असा ट्रेलर ठेवणे कायद्याला मान्य आहे. तो भाड्याने दिला की मात्र परिवहन वाहनाचे नियम लागू होतात.

अडचण येते ती बदलांत. कलम ५२ नुसार आरसी बुकात नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आली. जुन्या मालवाहू टेम्पोत पलंग आणि शेगडी बसवून ‘कॅरॅव्हॅन’ म्हणून फिरवणे याच कलमाच्या कक्षेत येते. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे आणि पुण्यातील एआरएआयसारख्या संस्था अशी प्रमाणपत्रे देतात. नव्या गाडीचा उत्पादक ती प्रक्रिया पार पाडतो. एकट्या हौशी माणसाला एका जुन्या गाडीसाठी ती करणे खर्चाचे आणि वेळखाऊ ठरते.

मग ‘व्हिंटेज’ नोंदणी उपयोगी पडेल का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ रूपात जपलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क पाच हजार रुपये आहे. आधी नोंदणी झालेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते.

या सवलतीची दुसरी बाजू अशी की अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल अशाच कारणांसाठी ती बाहेर काढता येते. म्हणजे व्हिंटेज नोंदणी घेतली तर गाडी जपली जाईल, पण दिवाळीच्या सुट्टीत तिच्यातून मुरुड-जंजिऱ्याला जाऊन राहता येणार नाही. आणि राहण्यासाठी आत बदल केले तर ‘मूळ रूप’ उरणार नाही, म्हणून व्हिंटेजचा दर्जाही मिळणार नाही. जपणे आणि वापरणे यांतून एकाची निवड करावी लागते. शिवाय ट्रेलर स्वतःच्या इंजिनावर चालणारी दुचाकीही नाही आणि चारचाकी मोटारही नाही. त्यामुळे ज्या चंदेरी ट्रेलरला जग ‘व्हिंटेज’ म्हणते, त्याच्यासाठी या नियमांत जागा शोधणे अवघड आहे.

जुन्या लाल परीचे काय?

हाच पेच सार्वजनिक वारशालाही लागू होतो. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि राज्य परिवहन उपक्रमांच्या मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी संपुष्टात येते आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्रांकडे जातात. प्रदूषण आणि सुरक्षितता पाहता या निर्णयामागे ठोस कारण आहे. पण १५ व्या वर्षी भंगारात गेलेली बस ५० वर्षांची होणार तरी कशी? अॅल्युमिनियमच्या बॉडीची, रिव्हेटच्या रांगांची, खिडकीला आडवे गज असलेली एसटी ज्या पिढीने पाहिली, तिच्या नातवंडांना ती चित्रातच दिसेल. मुंबईत बेस्टने आणिक आगारातील संग्रहालयात आपला इतिहास मांडला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या डिझेल दुमजली बस बंद झाल्या, तेव्हा त्यांतली एखादी तरी जपावी अशी मागणी झाली, ती याच जाणिवेतून. एसटीच्या प्रत्येक काळातील किमान एक गाडी, नोंदणीविना, स्थिर प्रदर्शनवस्तू म्हणून राखणे कायद्याच्या चौकटीत शक्य आहे. त्यासाठी भंगाराची यादी निघण्याआधी निवड करावी लागेल आणि रिव्हेट ठोकणारे जुने कारागीर निवृत्त होण्याआधी त्यांचे कसबही नोंदवून ठेवावे लागेल.

हौशी माणसासमोर मार्ग कोणते?

पहिला मार्ग, ५० वर्षांवरील, कागद शाबूत असलेली चारचाकी मूळ रूपातच दुरुस्त करून व्हिंटेज नोंदणी घेणे. यात प्रवासाची अपेक्षा ठेवू नये. दुसरा, जुना ट्रेलर रस्त्यावर न आणता आपल्या जागेत कायमचा उभा करणे. शेतघराच्या आवारात ती जास्तीची खोली होते. मात्र पाहुण्यांना भाड्याने द्यायची असल्यास स्थानिक परवानग्या आणि सांडपाण्याची सोय पाहावी लागते. राज्याच्या धोरणात कॅरॅव्हॅन पार्कसाठी पाणी, वीज आणि स्वच्छतागृहांच्या अटींबरोबर मुद्रांक शुल्क, राज्य जीएसटी आणि वीज शुल्कातील सवलतींचा विचार केला आहे. तिसरा मार्ग, खरोखर फिरायचेच असेल तर प्रमाणित नवा कॅरॅव्हॅन घेणे किंवा भाड्याने वापरणे आणि जुन्या गाडीची हौस वेगळी ठेवणे.

चौथा मार्ग कष्टाचा आहे. नोंदणी शाबूत असलेला जुना ट्रेलर, बाह्य मापे आणि चॅसिस न बदलता, केवळ मूळ भागांची दुरुस्ती करून रस्त्यावर आणणे. त्यासाठी पहिला हातोडा मारण्यापूर्वी आरटीओत लेखी अर्ज करून काय बदलता येईल आणि पासिंगला काय दाखवावे लागेल याचे लेखी उत्तर घ्यावे. तोंडी ‘होऊन जाईल’ या भरवशावर गॅरेजला आगाऊ पैसे देऊ नयेत. कुजलेला प्लाय बदलता येतो, गंज घासता येतो, पत्रा नवा ठोकता येतो. कागदात नसलेला चॅसिस क्रमांक मात्र कुठल्याच कारागिराला घडवून देता येत नाही.